घोड्याची सोय आधी लाव, मग रायफल उचल

मावशी,
मी सतरा वर्षांची आहे, बारावीत. आठव्या वर्षापासून घोडेस्वारी करते. चार वर्षांपूर्वी बाबांनी रेसकोर्सवरून निवृत्त झालेला एक घोडा माझ्यासाठी घेतला. आता तो बारा वर्षांचा आहे. त्याच्यावर बसून मी शो जंपिंगच्या, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या घ्यायच्या, स्पर्धा केल्या, पदकंही मिळवली. मधल्या काळात एअर रायफल हातात आली आणि आता मला त्यातच पुढे जायचंय. पहाटे खडकवासल्याकडे पागेत, संध्याकाळी बालेवाडीच्या रेंजवर, हे आता झेपत नाही. परवा पावसानं सकाळचं सेशन रद्द झालं तर मला चक्क बरं वाटलं, आणि मग त्याचंच रडू आलं. स्वारीच्या सरांना सांगितलं तर म्हणाले, "त्यानं तुला इतकी वर्षं वाहिलं आणि आता तू त्याला सोडतेस?" आई म्हणते मॉडर्न पेंटॅथलॉन कर, पाच खेळांची ती एकत्र स्पर्धा, त्यात दोन्ही येतं. बाबांना अजून काहीच माहीत नाही. मी स्वार्थी आहे का?
– एक वाचक, पुणे

बाळा,

नाही, तू स्वार्थी नाहीस. सेशन रद्द झाल्यावर बरं वाटलं हे तू लपवलं नाहीस, म्हणून मलाही स्पष्ट लिहिता येतंय. मन दुसरीकडे असताना रिकिबीत पाय घालू नये, घोड्यावर बसूच नये. स्वाराच्या मांडीतला ताण, लगामावरचा हात, श्वास, यावरून घोड्याला सगळं कळतं. अर्ध्या लक्षानं तू त्याला अडथळ्याकडे आणलंस तर तो अडेल, नाहीतर भलत्याच अंतरावरून उडी घेईल. अशा पडण्यात मनगट जातं, गळ्याजवळचं हाड मोडतं. रायफलचा दस्ता ज्या खांद्याला टेकवायचा तोच खांदा महिना-दीड महिना पट्ट्यात. म्हणून "दोन्ही थोडं थोडं" हा मार्ग मला सगळ्यात वाईट वाटतो. स्पर्धेच्या उड्या थांबव. हा निर्णय तुझ्या मनानं घेऊन झालाय, तू फक्त परवानगी मागते आहेस.

आईनं प्रेमानंच सुचवलं असेल, पण तो रस्ता आता उरलेला नाही. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकनंतर मॉडर्न पेंटॅथलॉनमधून घोडेस्वारी काढली आणि तिच्या जागी अडथळ्यांची शर्यत आली. शिवाय त्यातली नेमबाजी लेझर पिस्तुलाची, तीही धावण्याच्या मधे. तुझी रायफल त्यात कुठेच बसत नाही. घोडेस्वारी का काढली ते मात्र तुझ्या प्रश्नाशी जोडलेलं आहे, म्हणून सांगते. त्या खेळात घोडा चिठ्ठी टाकून मिळायचा आणि ओळख करून घ्यायला वीस मिनिटं. टोकियोला, २०२१ मध्ये, आघाडीवर असलेल्या जर्मन खेळाडूला मिळालेला सेंट बॉय नावाचा घोडा बिथरला, उड्या घेईना. ती त्याच्या पाठीवर रडत होती आणि बाहेरून तिच्या प्रशिक्षिकेनं घोड्याला गुद्दा मारला. सगळ्या जगानं ते पाहिलं. घोड्याला रायफलसारखं क्रीडासाहित्य समजलं की काय होतं, ते त्या दिवशी दिसलं.

सरांचं वाक्य तुला लागलं ते याच जागी, असं मला वाटतं. आपण त्याला वापरून टाकून देतोय, ही ती भीती. सर अनेक वर्षं मुलं घडवताहेत, घोड्यांवर त्यांचा जीव असणार, पण सतरा वर्षांच्या मुलीवर असं ओझं टाकायला नको होतं. तुझ्या घोड्याला पदकं ठाऊक नाहीत. शर्यती संपल्या त्याचं त्याला दुःख झालं नाही, उड्या संपल्याचंही होणार नाही. त्याला रोज पागेबाहेर पडायला हवं, सोबतीला दुसरे घोडे हवेत, वेळेवर गवत-पाणी हवं, आणि अंगाला हात लावणारं माणूस ओळखीचं हवं. हे सगळं तू स्पर्धा न खेळताही त्याला देऊ शकतेस. हे दिल्याशिवाय निघून गेलीस तर मात्र सरांचं म्हणणं खरं ठरेल.

तेव्हा आधी त्याचं पाहू. घोडे पंचवीस-तीस वर्षं जगतात, म्हणजे याची अर्धीअधिक जिंदगी अजून पुढे आहे. मला विचारशील तर मालकी तुमच्याकडेच ठेवा आणि त्याच पागेतल्या एखाद्या धाकट्या, शिकत्या स्वाराला तो लीजवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी वापरायला, द्या. जागा तीच, त्याची देखभाल करणारा मोतद्दार तोच, शेजारचे घोडे तेच. फक्त पाठीवरचं माणूस बदलेल. ओळखीची माणसं असली तरी कागद करा. नालबंद दर सहा-आठ आठवड्यांनी येतो, त्याचे पैसे कोण देणार, पशुवैद्याचे कोण देणार, उड्या किती उंचीपर्यंत घ्यायच्या, तो लंगडायला लागला तर काय करायचं, हे सगळं त्यात यायला हवं. तुम्हाला विचारल्याशिवाय त्याला दुसरीकडे हलवायचं नाही, हेही. विकायचाच झाला तर ओळखीच्या स्वाराला विका, आणि पुढे त्यानं विकायचं ठरवलं तर आधी तुम्हाला विचारायचं असं लिहून घ्या. दलालाच्या हाती मात्र देऊ नका. रेसकोर्सवरून उतरलेला घोडा दोन-तीन हात फिरला की कुठे गेला ते शोधून सापडत नाही.

आणखी एक गोष्ट, जी बरेच जण विसरतात. काम कमी झालं की त्याची चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, कमी करावी लागेल, गवत मात्र भरपूर चालू ठेवायचं. हा बदल एका दिवसात करायचा नाही, आठ-दहा दिवसांत हळूहळू. खाण्यात अचानक फरक पडला की घोड्याला पोटशूळ उठतो, आणि त्यात घोडा दगावू शकतो. आजवर धावणारा-उडणारा घोडा एकदम ठाणबंद करणं तर त्याहून वाईट. मोतद्दार काकांशी तूच बोल. त्याचं दिवसभराचं वेळापत्रक त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

तू आठवड्यातून एकदा जा, खरारा कर, मोकळ्या मैदानात हातानं फिरवून आण. बसायचं असेल तर बस, पण आधी रायफलच्या प्रशिक्षकांना विचार. उभ्या पवित्र्यात तुम्ही कंबर मागे आणि एका बाजूला वाकवून रायफलचं वजन सांगाड्यावर तोलता, स्वारीत तीच कंबर दोन्ही बाजूंनी सारखी आणि सैल लागते. वाढत्या वयात दोन्हीचा ताण एकाच मणक्यावर घ्यायचा का, हे फिजिओथेरपिस्टला दाखवूनच ठरव.

नेमबाजीबद्दल मी थोडंच सांगते, ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पंचाहत्तर मिनिटांत साठ गोळ्या, आणि निशाण्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, टाचणीच्या टोकाएवढा. तिथे घोड्यासारखा कोणी तुला सावरून घेणार नाही. पागेत शिकलेला धीर, घाबरलेलं असतानाही श्वास लांब ठेवणं, ते मात्र उपयोगी पडेल. ज्युनियर गटाची काही वर्षं तुझ्या हातात आहेत, म्हणून आत्ता जाण्यात शहाणपण आहे. पण घाईच्या अपेक्षा घेऊन जाऊ नकोस. कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळत राहिला, रेल्वेत नोकरी केली, आणि त्याचं पहिलं ऑलिंपिक आलं ते २०२४ मध्ये. तिथे त्यानं कांस्य आणलं. तुझंही पदक लवकर आलं नाही तर "घोडा सोडून काय मिळवलं" असं कोणीतरी म्हणेलच, त्या दिवसाची तयारी आत्ताच ठेव.

परत यावंसं वाटलं तर स्वारीचं दार लवकर बंद होत नाही. जपानचे हिरोशी होकेत्सू १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळले, मग थेट २००८ ला बीजिंगमध्ये उतरले, आणि २०१२ ला लंडनमध्ये एकाहत्तराव्या वर्षी. मधली बरीच वर्षं ते नोकरीही करत होते.

आता बाबा. पत्रातली मला सगळ्यात काळजी वाटली ती हीच गोष्ट. सरांना कळलंय, आईला कळलंय, आणि ज्यांनी घोडा घेतला त्यांनाच ठाऊक नाही. पागेचं बिल द्यायला ते गेले आणि सरांनी सहज विषय काढला तर? पैसा वाया गेला म्हणून ते चिडतील असं तू धरून चालली आहेस. मला वाटतं, त्यांना शेवटी सांगितलंस याचं त्यांना जास्त लागेल. जाताना लीजच्या कागदाचा कच्चा मसुदा आणि पुढच्या वर्षभराच्या खर्चाचा हिशेब हातात ठेव, म्हणजे तू घोड्याचा विचार आधी केलास हे त्यांना न सांगता दिसेल. कदाचित त्यांनाच त्याला सोडवणार नाही. रविवारी सकाळी पागेत जायला बाबाच तयार झाले तर जाऊ दे त्यांना. रविवारपर्यंत थांबू नकोस मात्र, आज रात्रीच बोल.

– मावशी