रंगाचे डबे नेण्याआधी वस्तीत जाऊन बसा

मागच्या अंकात या सदरात मी परप्रांतातून आलेल्या मजुरांच्या वस्त्यांमध्ये कलाकार काय काम करू शकतात यावर थोडं लिहिलं होतं. त्यावर जळगाव-धुळे-नंदुरबारकडून इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले की सगळ्यांना उत्तर देणं शक्यच नाही. चार प्रश्न घेतोय, कारण बाकीचे बरेचसे फिरून फिरून याच चार प्रश्नांवर येत होते.

प्रश्न : एमआयडीसीच्या मागच्या बाजूला दालमिल आणि चटईच्या कारखान्यात काम करणाऱ्या यूपी-बिहारच्या लोकांची वस्ती आहे. आम्ही पाच मित्र मिळून तिथल्या भिंती रंगवायचं ठरवलंय. रंगाचा खर्च एक दुकानदार करतोय. सुरुवात कुठून करू? (एक ड्रॉइंग शिक्षक, जळगाव)

सर, आधी माझी एक चूक सांगतो, म्हणजे तुमच्याकडून ती होणार नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही पण असेच चार-पाच जण भुसावळकडे रेल्वे लाइनजवळच्या एका वस्तीत गेलो होतो. एक लांब भिंत होती, कोळशाने काहीबाही लिहिलेली, आम्हाला ती घाण वाटली म्हणून चुना मारून साफ केली आणि दोन दिवसांत त्यावर शेत, बैलजोडी, डोक्यावर हंडा घेतलेली बाई असं छान चित्र काढलं, फोटो काढले आणि घरी आलो. तीन महिन्यांनी परत गेलो तर बैलाच्या पोटावर कोळशाने मोबाइल नंबर लिहिलेले. मला आधी रागच आला, मग एक म्हातारी म्हणाली, "भैया, वो सब नंबर आपने मिटा दिए थे, हमको फिर से खोजना पडा." टँकरवाल्याचा नंबर, मुकादमाचा नंबर, रात्री दवाखान्यात नेणाऱ्या रिक्षावाल्याचा नंबर. ती भिंत म्हणजे त्या वस्तीची डायरी होती आणि आम्ही एकालाही न विचारता ती पुसून टाकली होती. अजूनही ते आठवलं की वाईट वाटतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की पहिले दोन-तीन महिने ब्रशला हात लावू नका. सुट्टीचा वार कुठला ते बघा, पाळ्या कशा असतात ते बघा, तिथल्या चहाच्या टपरीवर जाऊन बसा. तुम्ही शिक्षक आहात तर पोरांशी बोलणं तुम्हाला सोपं जाईल, पण बायकांशी बोलायला तुमच्या ग्रुपमध्ये एखादी ताई हवीच, नाहीतर अर्धी वस्ती तुम्हाला कळणारच नाही.

जगात हे काम ज्यांनी नीट केलं त्यांनी वेळ दिला, हे मी खूप ठिकाणी पाहिलं. तानिया ब्रुगेरा नावाची क्यूबाची कलाकार आहे. तिने 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, कोरोना नावाच्या वस्तीत (नाव आधीपासूनच आहे, साथीशी संबंध नाही) एका दुकानाच्या गाळ्यात 'इमिग्रंट मूव्हमेंट इंटरनॅशनल' सुरू केलं. क्वीन्स म्युझियम आणि क्रिएटिव्ह टाइम या दोन संस्था सोबत होत्या. ती स्वतः स्थलांतरित कुटुंबांबरोबर एका लहान घरात राहिली. आणि त्या गाळ्यात चाललं काय, तर इंग्रजीचे वर्ग, कायद्याचा सल्ला, पोरांसाठी संगीत. बघायला आलेला माणूस विचारणारच की यात आर्ट कुठंय? तिचं म्हणणं असं की कला उपयोगाची असली पाहिजे. मला हे शंभर टक्के पटत नाही, कारण नुसत्या सुंदर गोष्टींवरही गरिबाचा तेवढाच हक्क आहे, पण तिथे जाऊन राहिली ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर नवजोत अल्ताफ. मुंबईच्या कलाकार, बस्तरमध्ये कोंडागावला जाऊन तिथल्या आदिवासी कलाकारांसोबत वर्षानुवर्षं काम केलं. त्यातलं एक म्हणजे 'नलपार', हातपंपाभोवतीची बांधकामं. बाईला भरलेला हंडा जमिनीवरून एकदम डोक्यावर घ्यावा लागू नये, मध्ये टेकवायला जागा मिळावी अशी रचना, आणि त्यावर तिथल्या लोकांनी केलेली नक्षी. उपयोग पण आणि देखणेपण पण. कंबर दुखते हे कोणी बाई पहिल्या भेटीत सांगत नाही, सर.

तुमच्या वस्तीत कदाचित शेवटी भिंतच रंगवाल, काही हरकत नाही. फक्त नंबर लिहायला जागा सोडा.

प्रश्न : राग मानू नका पण आपल्याच पोरांना काम नाही, डिग्री घेऊन घरी बसलेत. बाहेरून आलेल्यांसाठी हे कलेचे कार्यक्रम कशाला? (एक गृहिणी, अमळनेर)

ताई, राग कसला, हा प्रश्न खरा आहे आणि बरेच जण मनात ठेवतात, तुम्ही लिहिलात.

पण मला सांगा, तुमच्या गल्लीतल्या किती घरांतलं कोणी ना कोणी सुरतला आहे? माझे मोठे मामा पारोळ्याकडून सुरतला गेले, लूमवर बारा-बारा तास उभे राहिले, उधन्याला एका खोलीत नऊ जण. उधना, लिंबायत, डिंडोली या भागात गेलात तर रस्त्यात कोणीही "काय भो, कसं शे?" म्हणून थांबवतं, श्रावणात तिथे आपली खान्देशची देवी कानबाई बसते, रोट होतात, वाजतगाजत विसर्जन होतं. मामा सांगायचे, सुरुवातीला तिथले लोक आपल्या भाषेला हसायचे, खोली भाड्याने द्यायला का-कू करायचे. आपली माणसं तिथे परकी होती ना. तीच गोष्ट इथे बिहारमधल्या छपरा-सिवानच्या पोराची. मेहरूण तलावावर छठपूजेला पाण्यात उभ्या राहिलेल्या बायका कधी बघितल्यात का, सूप हातात घेऊन, थंडीत? मला दरवेळी आपली कानबाईच आठवते.

ताप्ती-गंगा एक्सप्रेस सुरतहून निघते, जळगाव-भुसावळवरून छपऱ्याकडे जाते, म्हणजे आपला सुरतचा भाचा आणि तो बिहारचा पोरगा एकाच गाडीच्या जनरल डब्यात बसतात, फक्त उतरायची स्टेशनं वेगळी. मला फार दिवसांपासून वाटतंय की कोणीतरी सुरतच्या खान्देशी माणसांचे आवाज रेकॉर्ड करावेत, घर सोडलं त्या दिवसाबद्दल, आणि जळगावच्या बिहारी मजुरांचेही, त्याच प्रश्नांवर, आणि मग एकमेकांना ऐकवावेत. एकमेकांची भाषा पूर्ण कळणार नाही, पण गाव सोडतानाचा आवाज कळतोच.

2019 मध्ये अमेरिका-मेक्सिकोच्या सीमेवरच्या पोलादी कुंपणात रोनाल्ड राएल आणि व्हर्जिनिया सॅन फ्रातेल्लो या दोघा आर्किटेक्टनी तीन गुलाबी सीसॉ अडकवले होते, अर्धी फळी इकडे अर्धी तिकडे. थोडाच वेळ होते ते, पण या बाजूचं पोरगं खाली गेलं की त्या बाजूचं वर. त्याने कुणाला नोकरी मिळाली नाही हे मान्य. तुमच्या घरातल्या डिग्रीवाल्याला काम मिळालंच पाहिजे आणि त्यासाठी भांडायलाच हवं, पण त्याचं काम दालमिलमध्ये पोती उचलणाऱ्या माणसाने नेलेलं नाही, ताई. 2020 च्या मे महिन्यात मुंबई-आग्रा हायवेने माणसं पायी चालत धुळ्या-शिरपूरवरून जात होती तेव्हा आपल्याच लोकांनी रस्त्यावर भाकरी-पाणी घेऊन उभं राहून त्यांना जेवू घातलं होतं, कोणी गाव विचारलं नाही.

प्रश्न : मी फोटोग्राफी शिकतेय. सराफ बाजारातल्या बंगाली कारागिरांवर फोटो-प्रोजेक्ट करायचाय, पण फोटो काढू देत नाहीत. एक जण म्हणाला, "मेरे को क्या मिलेगा?" मला काय बोलावं सुचलंच नाही. (एक विद्यार्थिनी, जळगाव)

सुचलं नाही हे चांगलं झालं गं, नाहीतर आपण पटकन "तुमची कला जगापुढे येईल" वगैरे बोलून मोकळे होतो.

आधी ते नाही का म्हणतात ते समजून घे. सोन्याचं काम आहे, माल दुसऱ्याचा, कण-कण हिशोबाचा, कारखाना कुठे आहे आणि आत कोण बसतं हे फोटोत दिसलं तर शेठ उद्या कामावरून काढेल. दुसरं म्हणजे हल्ली बंगाली बोलणाऱ्या मजुराला बऱ्याच राज्यांत कागद मागितले जातात, संशयाने बघितलं जातं, पश्चिम बंगालचा माणूस असला तरी. अशा माणसासमोर अनोळखी मुलगी मोठा कॅमेरा काढते, तो दचकणार नाही तर काय करणार?

आता पैशाचं. त्याचा प्रश्न शंभर नंबरी आहे. तू त्याचे दोन तास घेणार, त्या दोन तासांत त्याचं काम बुडणार, तर त्याची मजुरी त्याला मिळाली पाहिजे, उपकार म्हणून नाही, कामाचा रोज म्हणून. पण नुसते पैसे दिले म्हणजे सगळं माफ असंही नाही. सांतियागो सिएरा या स्पॅनिश कलाकाराने 2001 च्या व्हेनिस बिएनाले या मोठ्या कला-प्रदर्शनात 133 जणांना, त्यातले बरेचसे रस्त्यावर माल विकणारे स्थलांतरित, पैसे देऊन त्यांचे केस सोनेरी रंगवले. त्याला दाखवायचं होतं की गरिबाचं शरीर किती स्वस्तात विकत मिळतं. दाखवलं त्याने, पण ते दाखवण्यासाठी त्याने स्वतः तेच केलं ना, आणि मला ते काम आजही पचत नाही.

याच्या उलट क्रिस्तोफ वोदिच्को. मूळ पोलंडचा. मेक्सिकोच्या तिहुआना शहरात सीमेजवळच्या कारखान्यांत हजारो बायका काम करतात, गावाकडून आलेल्या. 2001 मध्ये त्याने त्यांच्यातल्या काही जणींसोबत काम केलं, डोक्यावर घालायचं एक यंत्र बनवलं, त्याला कॅमेरा आणि माइक, आणि ती बाई बोलायला लागली की तिचा चेहरा तिथल्या सांस्कृतिक केंद्राच्या प्रचंड गोल घुमटावर, चौकात जमलेल्या गर्दीसमोर. कारखान्यातले अत्याचार, घरातली मारझोड, पोलिसांचा त्रास, त्या स्वतः बोलल्या. दोन रात्री. यात मला महत्त्वाचं वाटतं ते असं की कॅमेरा बाईच्या स्वतःच्या डोक्यावर होता, दुसऱ्या कोणाच्या हातात नव्हता, काय बोलायचं आणि किती बोलायचं हे तिच्या हातात होतं. अर्थात एवढं उघड बोलल्यावर दुसऱ्या दिवशी कामावर तिचं काय झालं असेल ही काळजी मला तरीही वाटतेच, आणि तुलाही वाटली पाहिजे.

तर तू असं करून बघ. चेहरा नकोच. हात घे, बोटं, बारीक काम करताना जवळ ओढलेला दिवा, फुंकणी, किंवा ते पण नको म्हणाले तर गावाकडे पाठवायच्या वस्तू घे. त्यापेक्षा चांगलं म्हणजे त्यांच्याच मोबाइलवर त्यांनी काढलेले फोटो माग, ते रात्री गावाकडे बायकोला काय पाठवतात ते, आणि त्यातले कुठले लावायचे हे त्यांनाच ठरवू दे. एखाद्याने महिन्याने येऊन "माझा फोटो काढून टाक" म्हटलं तर एक शब्द न बोलता काढायचा. हे आधीच, बंगालीत किंवा हिंदीत, नीट सांगून ठेव.

आणि नाव कोणाचं हा प्रश्न येईलच. आपल्या मातीतलं उदाहरण आहे. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने कागदावर उतरवून घेतली, म्हणजे हात त्यांचा, पण पुस्तकावर नाव बहिणाबाईंचंच आलं. तुझ्या प्रदर्शनात ज्याला नाव द्यायचंय त्याचं नाव तुझ्या नावाएवढ्याच अक्षरात असू दे, ज्याला नको त्याचं नको. कॉलेजने मार्कांसाठी तुझं एकटीचं नाव मागितलं तर सरांशी भांड, जरूर भांड, मी तुझ्या बाजूने पत्र लिहून देईन.

अजून एक. दिल्लीत खिडकी एक्सटेन्शन भागात खोज नावाची कलाकारांची संस्था आहे, तिथे आसपास अफगाण, आफ्रिकन, बिहारी सगळे राहतात, आणि तिथे त्या वस्तीचं स्वतःचं छोटं वर्तमानपत्र निघालं, हिंदी आणि इंग्रजीत. सराफ बाजाराच्या मागच्या गल्ल्यांसाठी मराठी-बंगाली एक पान जरी निघालं तरी मी ते विकत घेईन.

प्रश्न : आमच्याकडे उलटं आहे, आमचीच माणसं बाहेर जातात. दिवाळीनंतर अर्धं गाव गुजरातला ऊसतोडीला, पोरं सोबत. त्यांच्यासोबत नाटक बसवायची इच्छा आहे पण माणसंच हातात नाहीत. (एक शिक्षक, धडगाव तालुका)

गुरुजी, तुमच्या प्रश्नाने मी दोन दिवस अस्वस्थ होतो. मोठं नाटक सध्या सोडा. होळीला सगळे परत येतात, भोंगऱ्या बाजार भरतो, ते थोडे दिवस तुमचे, आणि त्या दिवसांत लोकांना तुमचं नाटक नकोच असतं, त्यांचं नाचणं-ढोल त्यांच्याकडे आहे. तिथे फक्त ऐका, कोण कुठल्या पडावावर (ऊसतोडीच्या मुक्कामावर) होतं, मुकादमाने आधी दिलेली उचल किती कापली, कोण आजारी पडलं. बोलतील ते पावरीत-भिलोरीत, ते मराठीत आणायची घाई करू नका.

पोरांचं मात्र आत्ता करता येईल. जी हंगामी वसतिगृहात मागे राहतात आणि जी आईबापासोबत जातात, दोघांना सारखीच एकेक जाड वही आणि रंगीत खडू द्या. मागे राहिलेल्याने गाव काढायचं, गेलेल्याने पडाव काढायचा, कोपी म्हणजे तिथली झोपडी, ट्रॅक्टर, उसाचं पाचट, जे दिसेल ते. होळीला दोन्ही वह्या समोरासमोर ठेवून पोरांनाच बोलू द्या, नाटक त्यातून झालं तर होईल. वह्या साध्या कागदी कव्हरच्या नकोत, पडावावर दव पडतं आणि पानं ओली होतात, पुठ्ठ्याचं कव्हर आणि वर प्लॅस्टिकची पिशवी द्या. वीस-पंचवीस वह्या मी पाठवतो, गाड्या भरायच्या आधी, ऑक्टोबरातच, फक्त पोरांची संख्या कळवा.