डिफेन्सिव्ह टॅकलचे आकडे लाइनबॅकरपेक्षा कमीच असतात, मग २००९ मध्ये नेब्रास्का विद्यापीठाच्या एनडॉमुकन सूला देशातला सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटू का मानलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये टॅकल्सच्या (चेंडूवाल्याला पाडण्याच्या) यादीत वरच्या जागा लाइनबॅकर (बचावाची दुसरी फळी) आणि सेफ्टी (सगळ्यात मागचे बचावपटू) घेतात. मग सूच्या ८५ टॅकल्स आणि १२ सॅक्सचं (सॅक म्हणजे पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला, चेंडू फेकणाऱ्याला, पाडणं) एवढं कौतुक कशासाठी, आणि हा माणूस आला कुठून?

कौतुक आकड्यांपेक्षा ते कुठे उभं राहून मिळवले, याचं आहे. सू बचावाच्या पहिल्या फळीतला आतल्या बाजूचा लाइनमन, म्हणजे डिफेन्सिव्ह टॅकल (इथे ‘टॅकल’ हे जागेचं नाव). त्याच्या नाकासमोर हल्ला करणाऱ्या संघाचे मधले लाइनमन, सेंटर आणि गार्ड, असतात, आणि बहुतेक डावांत ते दोघे मिळून एकालाच ढकलतात. या जागेचं पहिलं काम टॅकल करणं नसतंच. दोघांना अडकवून ठेवायचं, म्हणजे मागचा लाइनबॅकर मोकळा राहतो आणि टॅकल तो करतो. टॅकल्सची यादी लाइनबॅकरच्या नावांनी भरते ती यामुळेच.

उभं राहण्याच्या जागांना आकडे आहेत. ० म्हणजे सेंटरच्या बरोबर समोर, २ म्हणजे गार्डच्या समोर, ३ म्हणजे गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर, ५ म्हणजे गार्डच्या पलीकडच्या ऑफेन्सिव्ह टॅकलच्या बाहेरच्या खांद्यावर. तीनच्या जागेवरचा खेळाडू साधारणपणे एकच गॅप, म्हणजे दोन लाइनमनमधली फट, सांभाळतो: स्नॅप झाला (सेंटरने चेंडू मागे दिला) की गार्ड आणि टॅकल यांच्यामधल्या फटीत घुसायचं. सॅक मिळवायला ही जागा उत्तम. पण २००८ मध्ये नेब्रास्काचे मुख्य प्रशिक्षक म्हणून आलेल्या बो पेलिनी यांच्या पद्धतीत लाइनमनकडून अनेकदा दोन गॅप सांभाळायची अपेक्षा असे. समोरच्याला छातीवर धरायचं, चेंडू कुठल्या बाजूने चाललाय ते वाचायचं, आणि मग त्या बाजूला त्याला झटकून टाकायचं. यात स्नॅपनंतरचा पहिला क्षण वाचण्यात जातो, त्यामुळे आतल्या लाइनमनची सॅक्स सहसा घटतात. सूने त्याच पद्धतीत १२ सॅक्स काढली. मला विचाराल तर त्याच्या मोठेपणाचा सगळ्यात पक्का पुरावा हाच.

दोन गॅप सांभाळायचं तंत्र असं. पहिलं पाऊल वीतभराचं. लांब पाऊल टाकलं की पाय हवेत असतानाच धक्का बसतो आणि तोल जातो. हात समोरच्याच्या हातांच्या आतून, छातीच्या पॅडवर, अंगठे वर, कोपरं बरगड्यांजवळ. मग कोपरं सरळ करून त्याला हातभर लांब ठेवायचं, कारण अंगाला चिकटलात तर चेंडू दिसतही नाही आणि सुटताही येत नाही. कंबर त्याच्या कंबरेपेक्षा खाली हवी. कुस्तीत जो आधी सरळ उभा होतो त्याचा पट निघतो, तसंच इथे आहे. दोघे अंगावर आले तर पहिल्याला सोडायचं नाही. बाजूने येणाऱ्याकडे आपली कंबर वळवून बसका घ्यायचा आणि दोघांमधली फट बंद होऊ द्यायची नाही.

चुकतं कुठे, तर बहुतेकदा डोळ्यांत. लाइनमन समोरच्याच्या खांद्याऐवजी मागच्या रनिंग बॅककडे (चेंडू घेऊन धावणाऱ्याकडे) बघतो, खोट्या हालचालीला फसतो आणि एका गॅपवर पैज लावतो. मग दुसरा गॅप सताड उघडा राहतो, लाइनबॅकर चुकीच्या जागी सापडतो आणि दोन यार्डांची धाव वीस यार्डांची होते. चूक लाइनमनची, पण टीव्हीवर दोषी दिसतो तो मागे धावणारा सेफ्टी.

आता माणूस. जन्म ६ जानेवारी १९८७, ओरेगॉन राज्यातलं पोर्टलंड. वडील कॅमेरूनचे, आई जमेकाची. नाव पणजोबांचं, वडिलांच्या न्गेम्बा भाषेतलं, अर्थ ‘भाल्यांचं घर’. लहानपणी तो सॉकर खेळायचा. त्याची बहीण न्गुम मिसिसिपी स्टेट विद्यापीठाकडून सॉकर खेळली. पोर्टलंडच्या ग्रँट हायस्कूलमध्ये तो फुटबॉलबरोबर गोळाफेकही करायचा आणि त्यात राज्यविजेता होता. जवळजवळ १९३ सेंटिमीटर उंची आणि १३५ किलोंच्या आसपास वजन असूनही त्याचे पाय एवढे हलके कसे, याचं बरंचसं उत्तर मला या दोन खेळांत दिसतं. गोळाफेकीत जोर पायांतून कंबरेत आणि तिथून हातात जातो. लाइनमनच्या धक्क्याचा मार्गही तोच.

नेब्रास्कातली सुरुवात मात्र झगमगीत नव्हती. २००५ मध्ये दोन सामने खेळून गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि ते वर्ष वैद्यकीय कारणाने मोजलं गेलं नाही. म्हणूनच २००९ हा त्याचा कॉलेजातला पाचवा हंगाम असूनही खेळाडू म्हणून चौथा धरला गेला. खरी उडी पेलिनी आल्यावर, २००८ मध्ये: ७६ टॅकल्स, साडेसात सॅक्स, आणि दोन इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याचा पास पकडणं) थेट टचडाउनपर्यंत, म्हणजे गोलरेषेपार, नेलेली. त्यातलं एक कोलोराडोविरुद्ध, शेवटच्या मिनिटांत. अ‍ॅलेक्स हेनरीच्या ५७ यार्डांच्या फील्ड गोलने (खांबांमधून मारलेल्या किकने) नेब्रास्काला आघाडी मिळाली होती, सूने लगेच पास पकडून ३० यार्ड धाव घेतली आणि सामना ४०–३१ असा संपला. त्यानंतर तो ड्राफ्टमध्ये (एनएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत) जाऊ शकत होता, पण आणखी एक वर्ष थांबला आणि बांधकाम व्यवस्थापनाची पदवीही पुरी केली.

२००९ चे इतर आकडेही बघा, ते टॅकल्सपेक्षा जास्त बोलके आहेत: १० पास हाताने अडवले, ३ किक ब्लॉक केल्या, एक इंटरसेप्शन. क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचणार नाही असं दिसलं की तो थांबून हात वर करायचा. हे शिकवता येतं, पण दमलेल्या लाइनमनला ते आठवत नाही. ८ ऑक्टोबरला मिझुरीत भर पावसात नेब्रास्का शेवटच्या क्वार्टरच्या सुरुवातीला ०–१२ ने मागे होती आणि २७–१२ ने जिंकली. त्या सामन्यात सूच्या नावावर एक इंटरसेप्शन होतं आणि एक फंबलही (हातातून चेंडू सुटणं) त्याने करवला.

पण एकच सामना बघायचा असेल तर ५ डिसेंबर २००९ चा बघा. बिग ट्वेल्व्ह या कॉलेज लीगचा अंतिम सामना, आर्लिंग्टन, समोर अपराजित टेक्सस. सू: १२ टॅकल्स, त्यातल्या ७ डाव सुरू होण्याच्या रेषेच्या मागे, साडेचार सॅक्स. अर्धं सॅक म्हणजे दोघांनी मिळून पाडलेलं. टेक्ससचा क्वार्टरबॅक कोल्ट मकॉय त्या दिवशी एकूण नऊ वेळा पडला, म्हणजे निम्मा वाटा एकट्या सूचा. टेक्ससची धावेची कमाई फक्त १८ यार्ड दिसते. ती वाचताना एक ध्यानात ठेवा: कॉलेजच्या हिशेबात सॅकचे गमावलेले यार्ड धावेतून वजा होतात, एनएफएलमध्ये पासच्या खात्यातून. एवढं करूनही नेब्रास्का १३–१२ ने हरली. घड्याळ शून्यावर गेलं होतं, पंचांनी व्हिडिओ बघून एक सेकंद परत दिला आणि टेक्ससने ४६ यार्डांचा फील्ड गोल मारला. नेब्रास्काच्या ऑफेन्सने त्या दिवशी जेमतेम शंभर यार्ड काढले होते. तेवढ्या आधारावर डिफेन्सने सामना शेवटच्या सेकंदापर्यंत ओढला.

त्या हंगामात त्याला आउटलँड, लोम्बार्डी, नागुर्स्की आणि बेडनारिक हे लाइनमन आणि बचावपटूंसाठीचे चारही पुरस्कार मिळाले. असोसिएटेड प्रेसचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला तो पहिला डिफेन्सिव्ह खेळाडू. हाइझमनला, म्हणजे कॉलेज फुटबॉलच्या सगळ्यात मोठ्या वैयक्तिक पुरस्काराला, मात्र तो चौथा आला. ट्रॉफी अलाबामाच्या मार्क इन्ग्रमने नेली. हाइझमनची मतं रनिंग बॅक आणि क्वार्टरबॅककडेच झुकतात आणि त्या वर्षी तो अन्याय होता, असं माझं ठाम मत आहे.

पुढचं थोडक्यात. २०१० च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकाला डेट्रॉइट लायन्सने घेतला, पहिल्याच वर्षी १० सॅक्स आणि सर्वोत्तम नवोदित डिफेन्सिव्ह खेळाडूचा मान. त्याच वर्षी त्याने नेब्रास्का विद्यापीठाला २६ लाख डॉलर दिले: २० लाख खेळ विभागाला, ६ लाख अभियांत्रिकीच्या शिष्यवृत्तीसाठी. २०११ मध्ये खाली पडलेल्या खेळाडूवर पाय आपटल्याबद्दल दोन सामन्यांची बंदीही भोगली. तेव्हापासून त्याची ओळख उद्दाम अशी झाली आणि ती पुसली गेली नाही. पुढे मायामी, लॉस एंजेलिस रॅम्स, टॅम्पा बे आणि फिलाडेल्फिया. टॅम्पा बेकडून फेब्रुवारी २०२१ मध्ये सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला.

टेक्ससचा सामना बघाल तेव्हा चेंडू विसरा आणि ९३ नंबरवर नजर ठेवा. स्नॅपच्या वेळी त्याच्यावर किती जण जातात ते प्रत्येक डावाला मोजा. दोन जण गेले आणि तरीही धाव मागेच थांबली, तर आकडेवारीत त्याचं नाव नसलं तरी तो डाव त्याने जिंकला आहे.