डू-वॉप, आ कापेला आणि आपली झील

न्यू जर्सीच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. तिथे डू-वॉप या अमेरिकी गायनप्रकारातली जुनी गाणी वाद्यांशिवाय गाणारे गट अजून आहेत आणि त्यांच्यावर ते मंडळाच्या स्मरणिकेत लेख लिहिताहेत. त्यांच्या तीन शंका अशा: 'डू-वॉप'चा अर्थ काय? 'आ कापेला'ला 'बिनसाथीचं समूहगान' म्हटलं तर चालेल का? आणि डू-वॉप तो, ती की ते?

'बिनसाथीचं समूहगान' लिहू नका, हे आधीच सांगून टाकतो. त्यातले दोन्ही शब्द वाचकाला भलतीकडे नेतात. 'समूहगान' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पंधरा ऑगस्टला पटांगणात एकच चाल एकाच सुरात गाणारी शाळेतली पोरं येतात. इथे तर चार-पाच जण एकाच वेळी वेगवेगळे सूर लावतात आणि त्यांचा मिळून एक आवाज होतो. 'बिनसाथीचं' हा शब्द त्याहून चुकीचा आहे, कारण डू-वॉपमध्ये साथ भरपूर असते. किंबहुना 'डू-वॉप' हे त्या साथीचंच नाव आहे.

गटाची बांधणी पाहिली की हे पटेल. एक मुख्य गायक शब्द गातो. त्याच्या वर फॉल्सेटोत, म्हणजे नेहमीच्या पट्टीपलीकडच्या बारीक आवाजात जाणारा एक, मध्ये दुसरा टेनर (उंच पुरुषी आवाज) आणि बॅरिटोन (मधला आवाज), तळाला बास, म्हणजे सगळ्यांत खर्जातला आवाज. १९४०चं दशक संपत आलं तेव्हापासून हार्लेम, ब्रॉंक्स, ब्रुकलिन, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर अशा ठिकाणी कृष्णवर्णीय पोरं नाक्यानाक्यावर असं गायला लागली. पुढे इटालियन वस्त्यांतली पोरंही त्यात आली. डिऑन या गायकाच्या साथीदारांनी तर ब्रॉंक्समधल्या बेलमाँट अव्हेन्यूवरून स्वतःला 'बेलमाँट्स' म्हणवून घेतलं. वाद्यं घ्यायला पैसे कुठले? मग आवाज घुमेल अशी जागा शोधायची: इमारतीचा जिना, भुयारी रेल्वेचं स्थानक, शाळेचं स्वच्छतागृह. आणि वाद्यांची कामं गळ्यांनी वाटून घ्यायची. बास 'बॉम-बॉम' करत डबल बास या खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्याची जागा घेई, मधले 'डू-वा' करत ट्रंपेट-सॅक्सोफोनची. तालाला चुटक्या.

म्हणून 'डू-वॉप'ला कोशातला अर्थ नसला तरी त्याला निरर्थक म्हणून मोकळं होता येत नाही. ही अक्षरं कामाची आहेत. 'डू' म्हणताना ओठ गोल आणि जवळजवळ मिटलेले असतात, त्यामुळे तो 'ऊ' मऊ राहतो, मागे बसतो, मुख्य गायकाचे शब्द झाकत नाही. 'वॉप'मध्ये तोंड उघडतं आणि लगेच 'प'वर बंद होतं, म्हणजे सूर ठरल्या मात्रेवर कापला जातो. चार जणांनी एकाच क्षणी थांबायचं तर असं बंद व्यंजन लागतंच. बासला 'बॉम' सोयीचा, कारण 'म' मिटल्या ओठांनी लांबवता येतो. आपल्याकडे तराण्यातले 'दिर दिर', 'तोम', 'तनन' असेच जिभेला वेग आणि सुराला टेकू देण्यासाठी आहेत. उस्ताद अमीर खाँ यांनी तराण्याच्या बोलांमागे फारसी अर्थ असल्याचं मांडलं होतं. डू-वॉपच्या बाबतीत तशी खटपट करायचं कारण नाही. आणखी एक फरक ध्यानात ठेवावा: जॅझमधलं 'स्कॅट' एकटा गायक ऐन वेळी सुचेल तसं गातो, डू-वॉपचे बोल मात्र बांधून, घोटून बसवलेले असतात.

आता या नावाची गंमत. ही गाणी भरात होती तेव्हा त्यांना कोणी डू-वॉप म्हणत नव्हतं. दुकानात ती 'रिदम अँड ब्लूज'च्या खणात असत आणि गाणाऱ्यांना 'व्होकल ग्रुप' म्हणत. हे बोल गाण्यांच्या आत होतेच. फिलाडेल्फियाच्या 'टर्बन्स' या गटाच्या १९५५च्या 'व्हेन यू डान्स'मध्ये ते स्पष्ट ऐकू येतात. पण प्रकाराचं नाव म्हणून हा शब्द छापून आला तो १९६१मध्ये, 'शिकागो डिफेंडर' या वृत्तपत्रात. त्याच वर्षी पिट्सबर्गच्या 'मार्सेल्स'नी 'ब्लू मून' हे १९३४चं शांत, संथ गाणं बासच्या 'बॉम-बाबा-बॉम'ने सुरू करून धमाल उडवून दिली होती. शब्द सर्वतोमुखी झाला तो १९७०च्या आसपास, न्यूयॉर्कच्या रेडिओवरच्या गस गॉसर्ट या निवेदकामुळे. अर्थात हा शब्द कॅलिफोर्नियात आधीपासून होता, असं तो स्वतःच सांगे. म्हणजे नाव मिळालं तोवर ते संगीत 'जुनी गाणी' झालं होतं. डू-वॉप हा शब्द मुळातच मागे वळून पाहणाऱ्यांचा आहे.

त्यामुळे तो सगळ्यांना रुचत नाही. न्यू जर्सीच्या क्लिफ्टनमध्ये रेकॉर्डचं दुकान चालवणाऱ्या रॉनी इटालियानो यांनी १९७६मध्ये या गायकांसाठी आणि रसिकांसाठी संस्था काढली, तिचं नाव 'युनायटेड इन ग्रुप हार्मनी असोसिएशन'. डू-वॉप शब्द त्यात नाही. मागच्या गायकांच्या दोन अक्षरांवरून अख्ख्या कलेचं नाव पडावं हे मलाही थोडं अन्यायाचं वाटतं. पोवाड्याला कोणी 'जीजी' म्हटलं तर आपल्याला चालेल का? पण रूढी ती रूढी. उलट हा शब्द आता गाण्याबाहेरही पसरलाय. न्यू जर्सीच्याच वाइल्डवुडमध्ये समुद्रकाठी १९५०-६०च्या दशकांतली निऑन पाट्यांची, प्लास्टिकच्या ताडांची मोटेलं आहेत, त्या स्थापत्यशैलीलाही 'डू-वॉप'च म्हणतात. तुमच्या लेखात वाइल्डवुड येणार असेल तर हा खुलासा जरूर करा, नाहीतर वाचक मोटेलात गाणं शोधत बसेल.

आता 'आ कापेला'. इटालियनमध्ये याचा अर्थ 'चॅपेलच्या रीतीने'. यातला 'आ' हा वेगळा शब्द आहे. मराठीत तो जोडून 'अकापेला' लिहिला की 'अ' नकारार्थी वाटतो, जणू काही 'कापेला' नावाची वस्तू नसलेलं गाणं! इंग्रजीतही हा शब्द जोडून लिहिण्याचा मोह आवरलेला नाही, डू-वॉपच्या जुन्या रेकॉर्डांवर तो सर्रास एकत्र छापलेला दिसतो. आपण 'आ कापेला' असं सुटं लिहावं.

'कापेला' म्हणजे मुळात छोटा झगा. फ्रान्समधल्या तूरचे संत मार्टिन यांनी आपला झगा फाडून अर्धा भिकाऱ्याला दिला अशी कथा आहे. तो झगा जिथे जपला ते देवघर कापेला, आणि पुढे कुठलंही छोटं प्रार्थनामंदिर कापेला. पोर्तुगीजांबरोबर हाच शब्द गोव्यात आला. तिथलं कोकणीतलं 'कोपेल' ते हेच. चर्चच्या संगीतशिक्षकाला 'मेस्त्र द कापेला' म्हणत, आणि त्यातला 'मेस्त्र' आपल्याकडे 'मिस्त्री' होऊन भिंती बांधतो. म्हणजे हे दोन्ही शब्द आपल्या अंगणात कधीचे येऊन बसलेत.

वाद्यं नसणं हा अर्थ मात्र त्यात नंतर शिरला. रोमच्या सिस्टाइन चॅपेलमध्ये ऑर्गनविना गात, ही गोष्ट खरी. पण सोळाव्या शतकात इतर अनेक ठिकाणी चर्चमधल्या गायनाला वाद्यांची जोड असे. एकोणिसाव्या शतकात ते जुनं संगीत पुन्हा गायला लागले, तेव्हा ते सगळंच वाद्यांविना होतं असा समज रूढ झाला आणि शब्दाचा अर्थ तिथेच गोठला.

इथे लेखात एक घोटाळा टाळा: डू-वॉप आणि आ कापेला हे समानार्थी नाहीत. नाक्यावर वाद्यं नसत, पण स्टुडिओत गेल्यावर बहुतेक गटांच्या मागे ड्रम, गिटार, सॅक्सोफोन येत. 'फाइव्ह सॅटिन्स'चं १९५६चं 'इन द स्टिल ऑफ द नाइट' न्यू हेवनमधल्या एका कॅथलिक चर्चच्या तळघरात ध्वनिमुद्रित झालं, म्हणजे शब्दशः कापेलाच्या छायेत. आणि त्यात सॅक्सोफोन आहे! वाद्यांविना डू-वॉपच्या रेकॉर्डा खऱ्या अर्थाने निघाल्या त्या १९६०च्या दशकात. टाइम्स स्क्वेअरच्या भुयारी रेल्वेत 'टाइम्स स्क्वेअर रेकॉर्ड्स' नावाचं दुकान होतं. त्याच्या मालकाने 'नटमेग्स'सारख्या गटांच्या सरावाच्या, वाद्यं न घेता केलेल्या टेपच रेकॉर्ड म्हणून विकायला काढल्या आणि त्या चालल्या. १९६२मध्ये ब्रुकलिनमध्ये जमलेल्या 'पर्सुएशन्स' तर पुढची कित्येक दशकं मुख्यतः वाद्यांविनाच गायले. जी गोष्ट गरिबीतून आली होती ती अशी निवड झाली. आजच्या गटांना वाद्यं परवडतात, तरी ते चुटक्यांवरच भागवतात, यामागे हा इतिहास आहे. हल्लीच्या कॉलेजांतल्या आ कापेला गटांपासून ते वेगळे पडतात तेही इथेच. पेन्सिल्वेनिया विद्यापीठात १९९६मध्ये सुरू झालेला, हिंदी गाणी गाणारा 'पेन मसाला' हे आपल्या लोकांना माहीत असलेलं उदाहरण. तिथे तोंडाने अख्खा ड्रमसेट वाजवतात, म्हणजे बीटबॉक्सिंग. जुन्या डू-वॉपमध्ये ते नव्हतं.

तर मराठीत काय म्हणावं? एकदा 'आ कापेला' लिहून पुढे साधं 'वाद्यांविना गायन' म्हणा. 'हार्मनी'ला 'स्वरमेळ' लिहाल तर चालेल, पण शास्त्रीय संगीताच्या वाचकाला 'मेळ' म्हणजे थाट वाटण्याचा धोका आहे. मी तरी सरळ 'हार्मनी' ठेवीन. मागच्या गायकांसाठी मात्र आपल्याकडे अस्सल शब्द आहे: झीलकरी. शाहीर कडवं म्हणतो आणि मागचे 'जी जी रं जी' करत झील धरतात. अर्थ नसलेल्या पण गाणं उचलून धरणाऱ्या बोलांचा हा घरचा नमुना. 'बॅकिंग व्होकल्स'पेक्षा 'बाकीचे झील धरतात' हे वाक्य कितीतरी जिवंत. फक्त आपले झीलकरी शाहिराच्याच सुरात सूर मिळवतात आणि डू-वॉपचे त्याच्याभोवती वेगळे सूर लावतात, हे एका वाक्यात सांगून टाका.

बोलांचं भाषांतर अजिबात करू नका. 'सिल्हूट्स'च्या 'गेट अ जॉब'मधले 'शा ना ना' घेऊन कोलंबिया विद्यापीठातल्या पोरांनी १९६९मध्ये आपल्या गटाचं नावच 'शा ना ना' ठेवलं. ते कोणत्याही भाषेत तसंच राहायला हवं. देवनागरीत 'डू', 'दू' नको. 'वॉप'वर अर्धचंद्र हवा, 'वाप' वाचलं की वाफ आठवते.

लिंगाचं म्हणाल तर 'डू-वॉप' नपुंसकलिंगी वापरावं, कारण मनात 'गाणं' किंवा 'संगीत' असतं: 'त्यांनी डू-वॉप गायलं'. गटाबद्दल बोलताना 'डू-वॉप गट' असं विशेषणासारखं वापरा, म्हणजे प्रश्नच उरत नाही. अनेकवचन 'डू-वॉपं' कोणी केलंच, तर संपादकांनी ते छाटावं.