काढलेली चरबी गोठवून ठेवली तर चालत नाही का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. माझा धाकटा भाऊ दीड वर्षापूर्वी खूप भाजला, मान आणि उजवा हात. मांडीची कातडी लावली, जखमा भरल्या, पण हातावरची कातडी खाली चिकटून बसल्यासारखी झालीय आणि मान पूर्ण वर होत नाही. आता सर्जन म्हणतात पोटाची चरबी काढून चट्ट्याखाली भरू, दोन-तीनदा करावं लागेल. मग एकदाच जास्तीची काढून गोठवून ठेवली तर? दर वेळी पोटाला कशाला त्रास?

उत्तर: ताई, हे बऱ्याच जणांच्या मनात येतं, आणि यात वेडगळ असं काही नाही. डॉक्टरांनीही करून बघितलंय.

आधी चरबी कशाला ते सांगते. आपल्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून हलवा, सरकते ना? खोल भाजलं की खालचा चरबीचा थर पण जळून जातो, मग लावलेली कातडी थेट स्नायूबंधावर बसते आणि तिथेच घट्ट धरते. तो सरकता थर परत मिळावा म्हणून चरबी भरायची. कल्पना जुनी आहे, नॉयबर नावाच्या जर्मन सर्जनने 1893 मध्ये हे केलं होतं.

आता गोठवण्याचं. चरबीची पेशी म्हणजे तेलाने टम्म भरलेला पातळ फुगा, साध्या फ्रीजरमध्ये बर्फाचे कण झाले की त्यातले बहुतेक फुटतात. उणे 196 अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये, संरक्षक औषध घालून, हळूहळू थंड करून ठेवली तर जास्त वाचतात, पण ताज्या चरबीची सर नाही, आणि मेलेल्या पेशी आत भरल्या की गाठी होतात, तेलाच्या पिशव्या होतात, जंतुसंसर्गाची भीती असतेच.

तुम्ही म्हणाल, स्किन बँकेत कातडी ठेवतात ती कशी चालते? ती 85 टक्के ग्लिसरॉलमध्ये ठेवलेली असते, पेशी मेलेल्याच असतात, पण तिचं काम जखम तात्पुरती झाकायचं. चरबीला मात्र आत जाऊन जगायचंय!

ताजी असली तरी सगळी जगत नाहीच. काढलेली चरबी यंत्रात गरगर फिरवली की सिरिंजमध्ये तीन थर दिसतात, वर पिवळं तेल, खाली रक्तपाणी, मधली तेवढी कामाची. ती बोथट सुईने बारीक बारीक रेघांमध्ये सोडतात, कारण नव्या रक्तवाहिन्या तिच्यात तयार होईपर्यंत ती आजूबाजूच्या ओलाव्यावर जगते आणि हा ओलावा मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या पुढे पोचत नाही, ढीग भरला की मधलं मरतंच. एकूण 20 पासून 80 टक्क्यांपर्यंत चरबी विरते, म्हणून दोन-तीन वेळा. पहिल्यांदा सर्जनचं चुकलं असं समजू नका.

मानेबद्दल मात्र सर्जनना स्पष्ट विचारा. मान ओढली गेली असेल तर चट्टा कापून सोडवावा लागतो, नुसत्या चरबीने ती वर येणार नाही. आणि भाऊ सिगारेट ओढत असेल तर आधी ती बंद, नाहीतर भरलेली चरबी उपाशी मरते. पोटाचं म्हणाल तर छिद्रं चार मिलिमीटरची असतात, आठ-पंधरा दिवस निळं-पिवळं दिसेल, पट्टा बांधायचा.