फोर-पॉइंट हार्नेसचे (रेसच्या गाडीतला, चार ठिकाणी अडकवायचा बेल्ट) खांद्याचे पट्टे मागच्या सीटबेल्टच्या बोल्टला अडकवले तर चालतील का? गाडी स्विफ्ट आहे, रोज समृद्धीने संभाजीनगरला जातो, साधा बेल्ट ढिला वाटतो.

बोल्ट दणकट असतात, त्यांची काळजी करू नका. मणक्याची करा. ते बोल्ट मागच्या सीटखाली, फ्लोअरपाशी. तिथून पट्टा खांद्यावर आणला तर समोरून धडक बसल्यावर तो छातीला धरण्याआधी खांदे खाली दाबतो आणि सगळा भार पाठीवर येतो. एफआयए म्हणजे मोटार रेसिंगची जागतिक संघटना, तिच्या नियमात हे पट्टे सीटच्या पाठीमागे ४५ अंशांपेक्षा जास्त उतरू नयेत, जमलं तर १० अंशांच्या आत ठेवावेत असं आहे. तुमच्या मापात ते बसणं अवघड.

एवढ्या तावातावाने लिहायचं कारण आमचे दाजी. त्यांनी हेच केलं, आणि तेही कंपनीचा बोल्ट सोडून! ॲक्सेसरीच्या दुकानातल्या पोराकडून लाल पट्ट्यांचा हार्नेस बसवून घेतला, वर बेल्टची टुंगटुंग नको म्हणून बकलमध्ये नुसती क्लिप खुपसली. माझं जालन्यात फॅब्रिकेशनचं काम आहे. गाडी वर्कशॉपला आली तेव्हा मी मागची सीट उचलून बघितली. फ्लोअरच्या पत्र्याला हँडड्रिलने भोक, त्यात आयबोल्ट (डोक्याला कडी असलेला बोल्ट), खाली पत्र्याच्या शेडला लावतात तसला पातळ वॉशर. पट्टा जरा ओढून घट्ट केला तरी वॉशरभोवतीचा पत्रा वाटीसारखा वर आलेला. गाडी रॅम्पवर घेतली तर बोल्टाची शेपटी पेट्रोलच्या टाकीपासून बोटभर लांब. ड्रिल जरा जास्त आत गेलं असतं तर दुकानासकट उडाले असते सगळे.

नवीन ठिकाणी अँकर, म्हणजे पट्टा अडकवायची जागा, पाडायचा तर पत्र्यामागे किमान ३ मिमी जाडीची, ४० चौरस सेंटिमीटरची स्टीलची प्लेट लागते. जालन्यात लोखंडाला तोटा आहे का? भंगारातून कापून दिली असती.

दाजी म्हणाले, "तू ट्रॉल्या जोड, गाडीचं मला कळतं." महालक्ष्म्यांच्या पंगतीत चार पाहुण्यांसमोर परत तेच काढलं, "रेसवाले येडे आहेत का मग?" तिथं ताईकडे बघून गप्प बसलो, ते इथं लिहितो.

येडे नाहीत दाजी, त्यांचं सामान पूर्ण असतं. कॉलेजची पोरं बाहा स्पर्धेसाठी बग्गी बनवतात, तिचा केज, म्हणजे माणसाभोवतीचा पाइपांचा पिंजरा, माझ्याकडे वेल्ड करून नेतात, त्यांचं रूलबुक बघून हे शिकलो. हार्नेसने तुम्हाला सीटला ताठ बांधलं, आता गाडी उलटली आणि छत दबलं तर साध्या बेल्टमध्ये माणूस थोडा तरी कलंडतो, तुम्हाला हलताच येत नाही. म्हणून केज लागतो. फोर-पॉइंटला मांड्यांमधून जाणारा पट्टा नसतो. खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा वर पोटावर ओढतात, माणूस खालून सरकतो आणि कमरेच्या हाडाऐवजी आतड्यांवर जोर येतो. म्हणून रेसवाले पाच-सहा पॉइंटचा वापरतात, आणि त्याला पट्टे ओवायला भोकं असलेली, अंगाला धरून ठेवणारी बकेट सीट लागते. धड बांधलेलं आणि डोकं मोकळं, मग सगळा झटका मानेवर. अमेरिकेतला नामी रेसर डेल अर्नहार्ट २००१ साली डेटोनाच्या शर्यतीत मेला तो कवटीच्या तळाला फ्रॅक्चर होऊन. त्याच वर्षी नॅस्कारने, म्हणजे तिथल्या त्या शर्यती भरवणाऱ्या संस्थेने, डोकं-मान धरणारं उपकरण सक्तीचं केलं. ते हेल्मेटला अडकतं. हेल्मेट घालून टोलनाक्यावर जाणार का?

टोलचं निघालंच म्हणून. दाजींचा फास्टॅग स्कॅन झाला नाही की पाकिटापर्यंत हात पोचायचा नाही, मग पट्टे ढिले करायचे आणि तसेच ढिले ठेवून पुढं जायचे. ढिला हार्नेस म्हणजे गळ्यातला हार.

तुमचा साधा बेल्ट ढिला वाटतो तो मुद्दाम तसा बनवलाय. जोराचा ब्रेक मारला की रील लॉक होते, धडकेत प्रीटेन्शनर तो क्षणात आवळतो, मग लोड लिमिटर छातीवर जास्त भार येऊ नये म्हणून थोडा सोडतो, आणि एअरबॅगचा हिशेब त्याच्याशी जुळवलेला असतो. मुंडी वळवून ब्लाइंड स्पॉट बघता येतो हे वेगळंच. बसताना सरकत असाल तर सीटची पाठ जरा उभी करा, कमरेचा पट्टा खाली हाडावर घ्या, अर्धी तक्रार तिथंच मिटेल.

रेसच्या ट्रॅकवर, कोइम्बतूर-चेन्नईकडे नेणार असाल तर गोष्ट वेगळी. मग केज, सीट, सहा पॉइंटचा हार्नेस, सगळं एकदमच करा, आणि पट्ट्यावरचं एफआयएचं लेबल व त्यावरची मुदत बघून घ्या. मूळ बेल्ट मात्र काढू नका, रस्त्यावर तोच लावा. सीटबेल्ट नसल्याचा दंड १००० रुपये आहे, गाडीत फेरफार केल्याचं प्रकरण कलम ५२ खाली वेगळं निघतं, आणि हार्नेस दाखवून पोलिसाशी वाद घालत बसू नका.

फ्लोअरला भोकं आधीच पाडली असतील तर बुजवून घ्या. पण टाकी उतरवल्याशिवाय कुणालाही तिथं वेल्डिंग करू देऊ नका, माझ्यासारखा ओळखीचा असला तरी. दाजींची टाकी मीच उतरवली, मजुरी अजून आलेली नाही.