अकरावी-बारावीला भूगोल घ्यावा का? नुसतं पाठांतर आहे का?

घे बिनधास्त. पाठांतर दहावीपर्यंत होतं, इथे नकाशा वाचता यायला लागतो. बारावीला ८० गुण लेखी आणि २० प्रात्यक्षिक. ते २० मुलं हलक्यात घेतात, आणि मग जर्नल पूर्ण करताना आदल्या रात्री जागतात. (मीही जागलो होतो.)

पुण्यात राहून हा विषय रटणं म्हणजे कमालच. पर्जन्यछाया, म्हणजे डोंगराच्या आडोशाचा कमी पावसाचा भाग, समजून घ्यायची तर जुलैत लोकलने लोणावळ्याला जा: तिथे धो धो, परत शिवाजीनगरला उतरलास की नुसती भुरभुर. सह्याद्रीने ढग अडवले म्हणजे काय झालं ते अंगावर कळतं. नदीचं खननकार्य पाहायचं तर निघोजला कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे (पाण्याने खडकात कोरलेले रांजणासारखे खड्डे) बघून ये, आकृती आपोआप काढता येईल.

स्थलनिर्देशक नकाशाची (डोंगर, नद्या, रस्ते, गावं बारकाईने दाखवणारा नकाशा) भीती वाटत असेल तर एवढंच धर: १:५०,००० म्हणजे नकाशावरचे २ सेंमी = जमिनीवरचा १ किमी. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, दाटल्या की चढ उभा. सिंहगड पायी चढलेल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

लोकसंख्या, वस्ती ही प्रकरणं सोपी आहेत, शेवटी केलीस तरी चालतील.