लॅपटॉप स्लीपमधून उठताना हँग होतो, काय करू?

ठाण्याला लोकलमध्ये झाकण मिटलं, ऑफिसात उघडलं तर स्क्रीन काळी, असं तुम्ही लिहिलंय. बटण दाबून बंद करायची घाई नको, न सेव्ह केलेलं काम जाईल. आधी कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन जागं आहे, बहुतेक डिस्प्लेच अडकलाय. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर (स्क्रीनवरचं चित्र चालवणारं सॉफ्टवेअर) रीसेट होतो, उघड्या फाइल तशाच राहतात. माझा लॅपटॉप वाशीत असाच अडकायचा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधून ड्रायव्हर मागच्या व्हर्जनवर नेला, तेव्हा थांबलं. तुमचा ड्रायव्हर जुना असेल तर उलट, कंपनीच्या साइटवरून नवा घाला, बायोसही (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) तिथूनच.

दिवाच हलत नसेल तर मात्र पॉवर बटण दाबून धरण्यावाचून इलाज नाही. हे दुरुस्त होईतो झाकण मिटल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट ठेवा, म्हणजे काम डिस्कवर सेव्ह होऊन मशीन बंद होतं.